स्थानिक आकर्षण

"पान फाडून मिळणार नाही," महबूब मुलाणी म्हणाले आणि त्यांनी उघड्या वहीवर तळहात ठेवला. "मोजणीच्या वहीचं पान फाडत नसतात. नक्कल हवी तर मी काढून देतो, सही करून."

सार्जंट सम्राटने पुढे केलेला हात मागे घेतला आणि आपल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले. सरपंचांची गुबगुबीत खुर्ची नाकारून स्क्वाड्रन लीडर दबोरा पारखे निमोण्याच्या ग्रामपंचायतीत लाकडी बाकावर बसल्या होत्या. अंगावर हवाई दलाचा निळसर गणवेश, गुडघ्यावर घडी घातलेला नकाशा. त्या किंचित हसल्या.

"सरांचं बरोबर आहे. वही इथेच वाचू."

गावात लहानथोर सगळेच मुलाणींना सर म्हणत. पण गणवेशातल्या व्यक्तीच्या तोंडून तो शब्द आला, तेव्हा दाराशी जमलेल्या दहा-पंधरा माणसांनी एकमेकांकडे पाहिले, आणि सरपंच कोंडिबांनी तो मान आपल्यालाच मिळाल्यासारखी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मॅडम, मराठी लई झाक बोलता की तुम्ही," ते म्हणाले.

"शिरूरचीच आहे मी. मिशनच्या आवारात वाढले."

"म्हंजी आपल्याच तालुक्याच्या," कोंडिबांनी दाराकडे वळून जाहीर केले. "ऐकलं का रे?"

दबोरांनी वही स्वतःकडे ओढली नाही. त्या स्वतःच वहीकडे वाकल्या. पानावर नऊ ओळी होत्या. तारीख, उजेड दिसल्याची वेळ, विझल्याची वेळ, दिशाकोन, उंचीचा कोन आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळा रकाना. दिवाळी सरल्यावर आग्नेयेच्या आभाळात एक पांढरा उजेड दिसू लागला होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास तो उमटे, जागचा हलत नसे, लुकलुकत नसे, आणि एकोणीस मिनिटांनी कोणी बटण दाबावे तसा विझे. तारा असता तर सरकत मावळतीला गेला असता; विमान असते तर केव्हाच निघून गेले असते. सरावाच्या उड्डाणावरच्या एका वैमानिकानेही तो पाहिला होता, रडारवर मात्र काहीच उमटले नव्हते. शिरूरपासून दौंडपर्यंत मोबाईलवर थरथरती चित्रे फिरत होती आणि प्रत्येकाकडे एक कहाणी होती. आकडे मात्र एकाच माणसाकडे होते. म्हणून आज सकाळी दहा वाजता हवाई दलाची जीप निमोण्यात उभी होती.

"सगळी वाचनं तुम्ही एकट्यानेच घेतलीत?" दबोरांनी विचारले.

"हो. प्रिझमॅटिक कंपासने. घड्याळ रोज रेडिओच्या ठोक्याला लावतो. प्रत्येक वाचन तीनदा."

"नऊही दिवस दिशाकोन एकशे सत्तेचाळीस. अर्धा अंशसुद्धा इकडेतिकडे नाही."

"उजेड हलला नाही, तर आकडा कशाला हलेल?"

दारात कोणीतरी हसले. त्या हसण्यात आपल्या माणसाविषयीचा ताठा होता.

तो उगाच नव्हता. मुलाणी सरांनी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, दौंडला औद्योगिक प्रशिक्षण केंद्रात एकतीस वर्षे भूमापन शिकवले, आणि निवृत्तीनंतरची तेरा वर्षे पंचक्रोशीतले बांध मोजण्यात घालवली. भावाभावांची भांडणे त्यांच्या मोजणीच्या साखळीपाशी येऊन थांबत. "सरांनी मोजलंय" एवढे म्हटले की पुढे कोणी बोलत नसे.

नेमके तेच आता करिश्मा गव्हाणेच्या मुळावर आले होते.

करिश्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वय अठ्ठावीस. बचत गटाने तिला फवारणीचा ड्रोन घेऊन दिला होता, रीतसर प्रशिक्षण आणि परवान्यासह. दोन हंगामांत तिने आजूबाजूच्या सात गावांतल्या कांद्यावर आणि उसावर फवारणी केली होती. लोक तिला ड्रोनबाई म्हणत. आधी चेष्टेने, मग गरजेने. उजेडाचा बोभाटा झाला तेव्हा चौकीतल्या हवालदाराने सरांचा आकडा उतरवून घेतला, नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, आणि ती रेघ बरोबर करिश्माच्या माळावरच्या शेडवरून गेली. ड्रोन चौकीत कुलपात पडला, त्याला आज बारा दिवस झाले होते. तेव्हापासून संध्याकाळी आभाळ भरून येई, त्यामुळे ड्रोनशिवाय उजेड उमटतो की नाही हेही कोणाला सांगता येत नव्हते.

"मॅडम, माझी बॅटरी धा मिन्टं चालती," करिश्मा म्हणाली. "टाकी रिकामी असली तर पंधरा. एकोणीस मिन्टं मी त्याला आभाळात काय हातानं धरून ठिवू?"

"अगं पन सरांनी मोजलंय," कोंडिबा म्हणाले.

"व्हय आप्पा. म्हणून तर बारा दिस गप हाय. आमच्या सासऱ्यांचा आन् चुलत सासऱ्यांचा बांध सरांनीच मिटवला. त्यांचं माप खोटं म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई. पन मी बी खोटं बोलत न्हाई."

हे बोलताना तिने सरांकडे पाहिले नाही. सरांनी वहीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

दबोरांनी नकाशा उलगडला. "संध्याकाळपर्यंत मला अहवाल पाठवायचा आहे. सरांच्या घरापासून शेड चौदाशे मीटर. उंचीचा कोन चौदा अंश. म्हणजे उजेड शेडवर साडेतीनशे मीटर उंच. परवानगी आहे एकशे वीसची. दिशाकोन टिकला, तर परवाना रद्द करावा अशी शिफारस मला करावी लागेल. बॅटरीचं मी लिहीन, करिश्माताई. पण आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं."

"तेच योग्य आहे," सर म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण जरा लवकरच बोललो, असे त्यांना वाटले.

"मग जिथून मोजलंत ती जागा दाखवता?"

सरांचे घर तिथून शंभरएक पावलांवर होते. सगळे निघाले. शेजारच्या रंगुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. जीप आणि गणवेश पाहून त्यांनी सूप बाजूला सारले आणि पदर खोचून त्याही मागोमाग आल्या. कोंडिबांनी सरांच्या कानाला लागून सांगितले की शाल आणि नारळ आणून ठेवला आहे, मॅडमच्या हस्तेच सत्कार करायचा, फोटोवाल्याला बारा वाजता बोलावले आहे. सरांनी मान डोलावली. नाही म्हणावेसे त्यांना वाटले नव्हते. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांची वही पाहायला सरकार पहिल्यांदाच त्यांच्या दारी आले होते.

गच्चीवर सरांच्या पत्नी खुर्शिदबी घाईने वाळलेले कपडे काढत होत्या. कपड्यांची दोरी मुजीबच्या मजल्याला बांधलेली असे. वर आभाळाखेरीज काही नव्हते, तरी घरात त्या जागेला हेच नाव होते. मुलगा मुजीब बारावीत असताना घर बांधले, आणि पुढेमागे त्याचे बिऱ्हाड वर होईल म्हणून गच्ची तशी सोडली होती. मुजीब आता शारजात होता. घर बांधल्याला अठरा वर्षे झाली होती.

"चहा ठेवलाय," खुर्शिदबी दबोरांना म्हणाल्या. "घ्यायचाच बरं का, बाई."

आग्नेयेच्या कोपऱ्यात, कठड्याच्या उंचीला कॉलमचा खुंट होता. त्याच्या डोक्यावर सरांनी शहाबादी फरशीचा तुकडा बसवला होता, पाणसळ लावून तपासलेला. त्यांनी कातडी पेटीतून कंपास काढला, फरशीवर ठेवला, आरसा उघडला, प्रिझम वर केले. हातांनी एकतीस वर्षांची सवय आपसूक चालवली.

"उजेड आता दिसायचा नाही," ते म्हणाले. "पण रीत दाखवतो. ती पाण्याची टाकी घेऊ, ठरलेली खूण म्हणून." त्यांनी डोळा प्रिझमला लावला, फटीतली बारीक तार टाकीच्या मध्यावर आणली आणि सुई स्थिरावेपर्यंत श्वास रोखला. "अठ्ठ्याण्णव."

सम्राटने टिपून घेतले.

सर मात्र प्रिझमवरून डोळा काढीनात. घराचा प्लॅन त्यांनी स्वतः काढला होता. जोत्याचा हाच कोपरा, हीच टाकी. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला दिशाकोन. एकशे नऊ. असे आकडे ते विसरत नसत. त्यांनी पुन्हा वाचले. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यांदा वाचले.

"झालं?" जिन्याच्या तोंडाशी उभे राहून कोंडिबांनी विचारले. "फोटोवाला आलाय खाली."

"सार्जंट, एक फोटो काढा कंपासचा, मग उतरू," दबोरा म्हणाल्या.

सरांनी रुमाल काढून स्वच्छ असलेले प्रिझम पुसले. खाली अंगणात माणसे बोलत होती. करिश्मा वर आली नव्हती. जिन्याच्या पहिल्या पायरीशी हाताची घडी घालून उभी होती. सर मागे सरकले, आणि त्यांच्या डाव्या कोपराला रोजच्यासारखाच आधार मिळाला. त्यांनी त्या आधाराकडे पाहिले.

खुंटातून चार सळया छातीच्याही वर आल्या होत्या. टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या, गंज चढू नये म्हणून. दर पावसाळ्याआधी ते स्वतः त्या बदलत आणि सळयांना सिमेंटचे पाणी फासत. नऊ संध्याकाळी त्यांनी एका सळईवर कोपर टेकले होते, दुसरीला टॉर्च अडकवली होती, तिसरीला ओळंबा बांधला होता. कंपास या चौघींच्या मधोमध बसला होता.

नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच वाक्य लिहीत: कंपासजवळ लोखंड नको. किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, जेवणाचा डबा, सगळे ते पोरांना दाराबाहेर ठेवायला लावत. आणि अठरा वर्षांत या सळया लोखंडाच्या आहेत, हे त्यांच्या एकदाही मनात आले नव्हते. ते लोखंड नव्हते. तो मुजीबचा मजला होता.

सम्राटने फोटो काढला. दबोरा जिन्याकडे वळल्या. प्लॅनवरचा आकडा या गच्चीवर दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हता.

"मॅडम, थांबा," सर म्हणाले. "माझा आकडा बहुधा चुकलाय."

'बहुधा' हा शब्द त्यांनी वहीत कधी लिहिला नव्हता.

कोंडिबा जिन्यातच थांबले. दबोरा परत आल्या. सरांनी फक्त समोरच्या सळईवर नखाने टकटक केली. दबोरांनी सळईकडे पाहिले, मग फरशीवरच्या कंपासकडे.

"स्थानिक आकर्षण," त्या हळूच म्हणाल्या. "लोखंडानं सुई ओढली."

"हो."

"आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

"मी पहिल्या तासाला शिकवायचो." सरांनी वही बंद केली आणि ते सम्राटकडे वळले. त्यांचा आवाज वर्गातला झाला. "सार्जंट, तुमचा कंपास आणि तिपाई घेऊन टाकीकडे जा. टाकीच्या वीस पावलं अलीकडे, टाकी आणि हा कोपरा यांच्या सरळ रेषेत उभे राहा. किल्ल्या, पट्टा, मोबाईल, सगळं टाकीपाशी ठेवा. तिथून या कोपऱ्याचा दिशाकोन वाचा. वाचा, लिहा आणि मगच मोबाईल उचला. पुढच्या आणि उलट्या दिशेत बरोबर एकशे ऐंशीचा फरक यायला हवा."

"सर, पट्टा काढला तर पँट—"

"एका हातानं धरा."

"कंपास?"

"म्हणूनच तिपाई म्हणालो."

सम्राट हसू दाबत उतरला. कोंडिबाही खाली गेले. गच्चीवर दोघेच राहिले.

"या कोणासाठी ठेवल्यात?" दबोरांनी बाटल्यांकडे पाहत विचारले.

"मुलासाठी."

"येणार आहे तो?"

सरांनी एक बाटली कलली होती ती सरळ केली. "दोन वर्षांतून एकदा येतो. चार दिवस राहतो. वर येऊन दोरी बघतो, सळया मोजतो आणि म्हणतो, अब्बा, अजून पक्क्या आहेत."

खुर्शिदबींनी पाठवलेला चहा दोघांनी उभ्यानेच घेतला. अकरा मिनिटांनी फोन वाजला.

"दोनशे एकोणनव्वद," सम्राट म्हणाला. "तीनदा पाहिलं, सर."

"एकशे ऐंशी वजा केले की एकशे नऊ," सर म्हणाले. "इथे अठ्ठ्याण्णव. अकरा अंश." पेन्सिलीची गरज नव्हती, तरी त्यांनी आकडे वहीच्या शेवटच्या पानावर मांडले.

दबोरांनी आवाज खाली आणला. "सर, अहवालात मी 'यंत्रावर बाह्य परिणाम' असं लिहू शकते. ते खोटं नाही. तुमचं नाव कुठे यायची गरज नाही. करिश्माचा ड्रोन तसाही सुटेल."

अंगणातून कोंडिबांचा आवाज येत होता. ते फोटोवाल्याला कुठे उभे राहायचे ते सांगत होते. सरांनी तो ऐकला.

"यंत्रानं काही चूक केली नाही, मॅडम. यंत्रानं लोखंड पाहिलं. मी पाहिलं नाही." त्यांनी जिन्यातून खाली खुर्शिदबींना हाक दिली, "अहो, लाल पेन द्या."

खाली अंगणात टेबल मांडले होते, त्यावर हार, नारळ आणि शालीची पिशवी. सरांनी हार उचलून खुर्चीवर ठेवला आणि झालेल्या जागेत वही उघडली. माणसे दाटून उभी राहिली. त्यांनी पहिल्या ओळीतल्या एकशे सत्तेचाळीसवर लाल शाईची एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी एकशे अठ्ठावन्न लिहिले, सही केली, तारीख घातली. मग दुसरी ओळ. मग तिसरी. नऊ ओळींना नऊ सह्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले आणि मग मोठ्याने वाचले:

"स्थानिक आकर्षण. जागा निवडण्यात निरीक्षकाची चूक."

कोंडिबांनी विचारले, "म्हंजी सर, तुमचं माप चुकलं?"

"चुकलं, कोंडिबा. अकरा अंशांनी."

"मंग आमचा बांध वो?" रंगुबाई मागून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरी धास्ती होती.

"तुमचा बांध साखळीनं मोजलाय, रंगुबाई. आणि रानात मोजलाय. तिथं माझं घर नव्हतं."

दबोरांनी नकाशा टेबलावर पसरून नवी रेघ ओढली. करिश्मा पुढे आली. तिची नजर पट्टीच्या कडेवरून हळूहळू सरकत गेली.

"माझी शेड कुठं राह्यली?"

"इकडे. रेघेपासून पावणेतीनशे मीटर बाजूला."

"आन् रेघ कुणाच्या डोक्यावरनं जाती आता?"

"कोणाच्याच नाही. रंगुबाईंच्या पडीक रानावरून, मग पुढे भीमा ओलांडून दौंडच्या अंगाला. किती लांब, ते एका रेघेवरून सांगता येत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून दिशाकोन मिळाला तर दोन रेघा एकमेकींना छेदतील."

"कासुर्डीला बिरदेव आहे," सर म्हणाले. "माझा विद्यार्थी. तो मोजेल." मग त्यांनी पुस्ती जोडली, "त्याचं घर पत्र्याचं आहे. त्याला रानात उभं राहायला सांगतो."

"मंग उजेड कशाचा हाय ते?" कोंडिबांनी विचारले.

"ते आज मला सांगता येणार नाही, सरपंच." दबोरांनी पट्टी उचलली आणि जमलेल्या माणसांकडे पाहिले. "पण एक सांगते. या कामात मी खूप वह्या पाहिल्यात. लोक एक दिवस इथून बघतात, दुसऱ्या दिवशी तिथून, एकदा आठ वाजता, एकदा आठवेल तेव्हा. त्यातलं काहीच वापरता येत नाही. सरांनी नऊ संध्याकाळी एकच चूक केली, तीही बरोबर अकरा अंशांची. म्हणून नऊच्या नऊ वाचनं मला दुरुस्त करून घेता आली. इतकी शिस्तीची चूक माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहतेय. अहवालाला जोडायला माझ्याकडे आता हीच वही आहे."

कोंडिबांनी जरा विचार केला. "मॅडम, ही तारीफ हाय ना?"

"हो, सरपंच."

"न्हाई, मंग शाल बाहेर काढायची का न्हाई ते ठरवाय बरं पडतं."

लोक हसले. सरही हसले, पण त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "शाल राहू द्या तिथंच. आधी चौकीतून ड्रोन बाहेर काढा."

फोटोवाल्याने तरीही एक फोटो काढला. त्यात सर वहीवर वाकलेले होते आणि त्यांच्यामागे करिश्मा नकाशाकडे पाहत होती. कोंडिबांनी तो पुढे ग्रामपंचायतीत लावला. खाली काय लिहायचे यावर सदस्यांची दोन बैठकांत चर्चा झाली, आणि शेवटी फक्त तारीख लिहिली.

दबोरा त्याच दुपारी चौकीत गेल्या, आणि दिवस मावळायच्या आत ड्रोन माळावरच्या शेडमध्ये परत आला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी खुर्शिदबी म्हणाल्या, "गवंड्याला सांगू का? सळया कापून टाकंल. पाच मिन्टांचं काम."

"सळयांनी काय केलंय?" सर म्हणाले.

खुर्शिदबींनी भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि विषय संपला.

संध्याकाळी ते माळावर गेले. करिश्मा ड्रोनचे पंखे एकेक करून पुसत होती. सरांना पाहून ती उठली, पण बसा म्हणाली नाही.

"बारा दिवस," सर म्हणाले.

"व्हय. दोन रानांत कांदा पिवळा पडला. त्यांनी दुसरीकडनं फवारा मारून घेतला."

"माझ्यामुळे."

"व्हय सर. तुमच्यामुळं."

सरांनी मान हलवली. तिने गुळमुळीत उत्तर दिले नाही याचे त्यांना बरे वाटले. ते म्हणाले, "हवाई दलानं सांगितलंय की वाचनं चालू ठेवा. मोजणीला दोन माणसं लागतात. एक बघणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, मग लिहायचा. हे मीच शिकवायचो. आणि नऊ दिवस एकट्यानंच दोन्ही केलं."

"मला काय येतंय त्यातलं?"

"तुला कंपास माहीत आहे."

"त्यो तर माहीतच हाय." करिश्माने फडके ड्रोनवर टाकले. "ड्रोन उडवायच्या आधी आम्ही बी कंपास फिरवून घेतो की. ट्रेनिंगमधी पहिल्या दिशीच सांगितलं, लोखंडापासून लांब, गाडीपासून लांब, पत्र्यापासून लांब. तुमच्या गच्चीच्या सळया तर रस्त्यावरनं दिसत्यात, सर." तिने फडके पुन्हा उचलले. "पन मला वर कुणी बोलावलंच न्हाई."

सरांनी वही तिच्यापुढे धरली. करिश्माने हात पुसले, वही घेतली, आणि ती उघडण्याआधी मागचापुढचा पुठ्ठा पाहून घेतला.

माळाच्या मधोमध, शेडपासून दीडशे पावलांवर त्यांनी लाकडी तिपाई मांडली. करिश्माने सरांना चष्मा काढून दाखवायला लावला, त्याची काडी तपासली आणि परत दिला. मग तिला स्वतःचे आठवले. तिने पदराची पिन सोडली, मूठभर दगड गोळा करून त्यांच्यावर ती ठेवून आली आणि पदर कमरेला खोचला. आभाळ आज मोकळे होते. सात वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी आग्नेयेला, दक्षिणेच्या जरा जवळ, उजेड उमटला. पांढरा, स्थिर, कोणाचाच नसलेला.

सरांनी डोळा प्रिझमला लावला. तार उजेडावर आली. सुई थांबली.

"एकशे अठ्ठावन्न," ते म्हणाले.

करिश्माने आकडा मोठ्याने परत म्हटला नाही. पेन कागदाला टेकवले नाही. ती उजेडाकडे पाहत होती, मग सरांकडे.

"परत बघा, सर."

एकतीस वर्षे हे वाक्य फक्त त्यांच्याच तोंडी होते. सरांनी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि नव्याने वाकून प्रिझममधून पाहिले.